पलीकडची गॅलरी

चार वर्षं आम्हाला कुणी शिवी दिली नाही.

हे दुखणं पेठेबाहेरच्या माणसाला
सांगून कळायचं नाही.
गंगावेशीत म्हशीखाली धार निघत असते,
ग्लास फेसानं भरून काठावर येतो,
आणि शेजारी उभा खालच्या पेठेतला माणूस
माझ्याकडं बघून म्हणतो,
"काय, बरं हाय न्हवं?"
बरं हाय न्हवं!
ह्याच माणसानं एका फायनलला
माझ्या पणजोबापासून सुरुवात करून
न जन्मलेल्या नातवापर्यंत
कुणाला सोडलं नव्हतं.

सिद्धोबा तालीम. लिंबू-काळे पट्टे.
ओळीनं अकरा मॅच हरलो,
गटातून खाली घसरलो, तिथूनही खाली,
मग एका वर्षी नोंदणीला कुणी गेलंच नाही.
सेंटर फॉरवर्ड पुण्याला कंपनीत लागला.
दोघं बुलेटच्या हप्त्यासाठी पलीकडं गेले.
गोलकीपर उद्यमनगरात भट्टीसमोर,
जळलेल्या हातांनी आता काय झेलणार?
गोलची जाळी अक्कूताईनं
कारल्याच्या वेलाला बांधली.
कारली बाकी झ्याक लागली.
तेवढंच काय ते त्या जाळीत आलं.

इर्शाद मुजावर केएमटीत कंडक्टर.
पहिली पाळी सुटायच्या आधी, अंधारात,
खांद्याला चामडी पिशवी तशीच अडकवून
तो मैदानात उभा राहू लागला.
पेपर टाकणारा एक, मटणाच्या दुकानातला एक,
गूळ अड्ड्यावरच्या हमालाची जुळी पोरं.
थांबायला एक शिट्टी, सुटायला दोन.
एवढंच त्याचं कोचिंग.
"पास दे, सुट्टे पैसे दिल्यासारखा,
हातात मोजून दे, भिरकावू नको."
मी कट्ट्यावर बसून हसायचो.
नंतर नंतर बूट शिवून द्यायला लागलो.

एका पहाटे रावसाहेब सरनाईक आला.
खालच्या पेठेचा जुना कॅप्टन.
माझा डावा गुडघा त्याच्या नावावर आहे.
स्कूटरच्या पायापाशी पोतं,
पोत्यात नऊ बॉल,
दोन-तीन तर अजून कोरे.
"तुमच्यासाठी न्हाईत," म्हणाला,
"आमची पोरं माजलीत.
चषक आणत्यात आणि कोपऱ्यात ठेवत्यात,
रात्री बारालाच चौक रिकामा.
तुम्ही न्हाई, तर जिंकायचं कुणाकडनं?"
मग गुडघ्याकडं बघितलं.
"दुखतोय?"
"थंडीत."
"दुखूदे."
चहा पिऊन गेला. बशी पालथी घालून गेला.

ह्या जानेवारीत स्टेडियमच्या पायऱ्यांवर
आमच्या बाजूला मोजून दीडशे माणसं.
समोर अख्खी पेठ, पण गप्प, दाणे सोलत,
कुणाच्या तरी बारशाला आल्यासारखी.
एक शून्य. टाळ्या.
दोन शून्य. बेताच्या टाळ्या.
तिसऱ्याला तर कुणी उठलंही नाही.
आमचा बॅक पडला तर त्यांच्यातला एक ओरडला,
"लागलं का रं बाळा?"
ते बाळ शब्दानं मेलो मी.

शेवटची दहा मिनिटं असतील.
जुळ्यांतल्या धाकट्यानं, का थोरल्यानं,
ते इर्शादलाही अजून कळत नाही,
मोजून पास दिला.
पेपरवाल्याच्या नडगीला लागून, खांबाला लागून,
बॉल उगीच आत गेल्यासारखा
आत गेला.

क्षणभर काहीच नाही.

मग पलीकडच्या गॅलरीतनं एक आवाज,
अजून न फुटलेला, आठ-नऊ वर्षांचा,
बापाकडनं ऐकलेली शिवी
मधला शब्द चुकवून दिलेली.
मग त्याच्या बापानं ती दुरुस्त केली.
मग खालची रांग उठली, मग वरची,
मग दाणे उडाले, चपला उडाल्या,
सिद्धोबाचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन,
पणजोबा, नातू, सगळे एकेक करून
घरी परतू लागले.

शेजारचा म्हणाला, "जबाब दे की, मामा!"
मी गुडघ्यावर हात ठेवून उभा.
म्हटलं, थांब रं.
पुरी ऐकूदे आधी.